बॅटरीची भूक

एटापल्लीत राहून समुद्रावरच्या बोटींच्या बॅटऱ्यांविषयी लिहावे, हे कोणाला नवलाचे वाटेल. आमच्याकडे पाणी आहे ते बांडिया नदीचे आणि पावसाळ्यात फुगणाऱ्या नाल्यांचे. त्यावर चालतो लाकडी डोंगा. त्यातली विजेची उपकरणे म्हणजे नावाड्याचा टॉर्च आणि खिशातला मोबाइल. जिथे तारेवरची वीज बेभरवशाची, तिथे ही दोन्ही उपकरणे घराच्या सौर संचातल्या बॅटरीवर भरतात. नेमक्या श्रावणात ती बॅटरी बसते. रात्री बाळंतिणीला नाल्यापलीकडे न्यायची वेळ आली की टॉर्च मिणमिणतो आणि फोन बंद पडलेला असतो.

आमच्या भागातल्या अशा बसलेल्या बॅटऱ्या तपासण्याचा मला बरीच वर्षे नाद आहे. त्या वाचनातूनच कोकणातल्या मासेमारी बोटींकडे वळलो आणि लक्षात आले की दोन्हीकडचा आजार एकच आहे. महिनेही तेच आहेत. आमच्याकडे पावसाळ्यात ढगांमुळे बॅटरी उपाशी राहते. किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते, बोटी शाकारून ठेवलेल्या असतात आणि बॅटरी तशीच पडून उपाशी राहते.

ही उपासमार समजण्यासाठी बॅटरीच्या आत डोकवावे लागते. शिसे आणि गंधकाम्ल यांची बॅटरी फ्रान्सच्या गॅस्टन प्लांते यांनी १८५९ मध्ये बनवली. आजही तिचे तत्त्व तेच आहे. बॅटरी वापरली की दोन्ही प्रकारच्या प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचा थर जमतो आणि आम्ल पातळ होते. चार्ज केले की हा थर विरघळून पुन्हा मूळ पदार्थ होतात. मात्र बॅटरी अर्धवट रिकामी ठेवली, तर सल्फेटचे बारीक कण एकमेकांना धरून मोठे, कठीण स्फटिक बनतात. मग कितीही चार्ज केले तरी ते पुरते विरघळत नाहीत. प्लेटेचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. म्हणजे बॅटरी वयाने मरण्याआधी बहुधा भुकेने मरते.

निवडीचा पहिला नियम यातूनच निघतो. ट्रकची किंवा ट्रॅक्टरची बॅटरी इंजिन सुरू करण्यासाठी असते. तिच्या प्लेटा पातळ आणि संख्येने जास्त असतात. काही सेकंद प्रचंड करंट द्यायचा आणि लगेच भरून घ्यायचा, एवढेच तिचे काम. तिच्यावर रात्रभर दिवा किंवा फिश फाइंडर चालवला, तर ती लवकर खचते. रोज खोलवर रिकामी होण्यासाठी जाड प्लेटांची, आपल्याकडे इन्व्हर्टरला वापरतात तशी ट्यूब्युलर बॅटरी हवी. म्हणून बोटीवर दोन वेगळ्या बॅटऱ्या ठेवणे शहाणपणाचे. एक इंजिनासाठी, दुसरी वायरलेस, जीपीएस आणि दिव्यांसाठी. नाहीतर रात्री जाळे टाकून बसलेल्या तांडेलाला पहाटे इंजिनच सुरू करता येत नाही.

दुसरा नियम हिशेबाचा. समजा फिश फाइंडर, जीपीएस, ऐकण्यापुरता चालू असलेला वायरलेस आणि दोन एलईडी दिवे मिळून ३ अँपिअर घेतात. १२ तासांचे ३६ अँपिअर-तास झाले. वायरलेसवर बोलताना जास्त करंट लागतो, तो धरून ४०. शिशाची बॅटरी निम्म्याखाली नेऊ नये, म्हणून ८० लागतात, आणि थोडी शिल्लक धरून १०० अँपिअर-तासांची बॅटरी पुरते.

बहुतेक जण इथेच थांबतात. खरा प्रश्न पुढे आहे: काढलेले ४० परत कोण भरणार? भरताना काही वाया जाते, म्हणून ४५ च्या आसपास घालावे लागतात. शिशाची बॅटरी पोटभर जेवायला वेळ घेते. सुरुवातीला भराभर करंट घेते, साधारण १४.४ व्होल्टला पोचली की करंट हळूहळू कमी करत जाते आणि शेवटचा पाचवा हिस्सा भरायला काही तास लागतात. लांब पल्ल्याच्या ट्रॉलरचे इंजिन तासन् तास चालते, तिथे हे जमते. अर्धा तास इंजिन चालवून परतणाऱ्या छोट्या होडीत ते जमत नाही.

आमच्याकडे इंजिनाची जागा सौर पॅनेल घेते. १०० वॉटचे पॅनेल स्वच्छ उन्हाच्या दिवसात साधारण २५ अँपिअर-तास देते. झडीच्या दिवसांत त्याच्या निम्मेही मिळत नाहीत. बॅटरी उतरली की कंट्रोलर दिवा तोडतो. तो तिला वाचवण्यासाठीच असतो. पण घरात अंधार असताना हे कोण मानेल? मग लोक कंट्रोलर वगळून तार थेट बॅटरीला जोडतात. एका टोल्यावर मी अशी जोडलेली बॅटरी पाहिली. मीटरवर १० व्होल्टसुद्धा नव्हते. घरमालकाला दोष द्यावासा वाटला नाही. पॅनेल बसवणाऱ्याने उन्हाळ्याचा हिशेब केला होता, पावसाळ्याचा केलाच नव्हता.

यावर बहुतेकांना सुचणारा उपाय म्हणजे आणखी मोठी बॅटरी. तो चुकीचा आहे. अन्न तेवढेच आणि पोट मोठे झाले, तर उपासमार वाढतेच. आधी पॅनेल वाढवावे किंवा खर्च कमी करावा. बोटीवरही आधी अल्टरनेटर किती देतो ते पाहावे.

हल्ली लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्या मिळतात. त्या हलक्या असतात, ८० टक्क्यांपर्यंत रिकाम्या केल्या तरी चालतात, आणि मुख्य म्हणजे अर्धवट भरलेल्या राहिल्या तरी त्यांना सल्फेटचा रोग होत नाही. आमच्या पावसाळ्याला त्या मानवतात. किंमत मात्र जास्त, आणि त्यांना चार्जरही त्यांच्याच जातीचा लागतो.

ज्यांच्याकडे शिशाची बॅटरी आहे, त्यांनी एवढे तरी करावे. बोट शाकारण्याआधी बॅटरी पूर्ण भरावी, तारा सोडवाव्यात आणि महिन्यातून एकदा पुन्हा भरावी. वापरली नाही तरी ती आपोआप थोडी उतरतेच. चार्ज करताना खोली हवेशीर असावी, कारण हायड्रोजन वायू निघतो. बोटीवर बॅटरी घट्ट बांधावी. समुद्राचे पाणी तिच्या आत शिरले, तर विषारी क्लोरीन तयार होतो. आमच्यासारख्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात चार्जिंगचे व्होल्टेज जवळपास अर्ध्या व्होल्टने कमी ठेवावे लागते, आणि पाणी घालायचे ते डिस्टिल्डच.

भूक ओळखायला साधा मीटर पुरतो. दिवे बंद करून बॅटरी काही तास स्वस्थ ठेवावी. १२.७ व्होल्ट म्हणजे पोट भरलेले, १२.२ म्हणजे अर्धे, ११.९ म्हणजे जवळजवळ रिकामे. सूर्य ढगाआड जाईल त्या आठवड्यात हा आकडा रोज पाहिला आणि १२.२ ला एक दिवा बंद केला, तर नाला भरून वाहत असेल त्या रात्री डोंग्यातला टॉर्च पेटेल.