लाटेचा महिना

फळीवर उभें राहून लाटेवर स्वार होण्याच्या सर्फिंग या खेळासाठीं घरांतील तरुण मंडळींनीं पॅसिफिक बेटांच्या सफरीचा बेत आखला, तर वडीलधाऱ्यांनीं खर्चाआधीं महिना विचारावा, असें आम्हांस वाटतें. तेथील मोठ्या लाटा उठविणारीं वादळें बहुधा दूर समुद्रांत, आपापल्या गोलार्धाच्या हिवाळ्यांत होतात. आणि दोन्ही गोलार्धांचा हिवाळा एकाच वेळीं येत नाहीं. म्हणून हवाईच्या उत्तर किनाऱ्यावर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तर ताहिती व फिजी येथें मे ते सप्टेंबर हा भर हंगाम. एकाच सफरींत दोन्ही साधूं पाहणाऱ्याची एकीकडे निराशाच व्हावयाची.

दुसरा प्रश्न तळाचा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील सर्फिंगची स्पर्धा ताहितीच्या तेआहुपोओ येथें झाली. तेथें लाट फुटते ती उथळ पाण्याखालच्या धारदार प्रवाळावर. पडणाऱ्याच्या जिवावर बेतूं शकतें. नवशिक्यानें ती दुरूनच पाहावी आणि प्रथम हवाईतील वाइकिकीच्या सौम्य लाटांवर शिकावें. नामांकित जलतरणपटु ड्यूक कहानामोकू (१८९०–१९६८) तेथेंच वाढले.

भीतीपोटीं मुलामुलींस घरीं बसवूं नये. पण लाटेची चौकशी केल्यावांचून धाडूंही नये.