धातूंचीं खनिजें : तापविणें आणि भाजणें

मुंबईच्या हार्बर मार्गावर चुनाभट्टी नांवाचें स्थानक आहे. तेथील भट्ट्या केव्हांच विझल्या. नांव मात्र राहिलें. चुनखडी सुमारें ९०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापविली कीं तिच्यांतील कार्बन डायॉक्साइड वायु निघून जातो आणि १०० भाग शुद्ध चुनखडीचा ५६ भाग कळीचा चुना उरतो. चुना हें कॅल्शियम धातूचें ऑक्साइड होय. या क्रियेस निस्तापन म्हणतात. येथें दगडाला हवेचें काम नाहीं. ती लागते ती जळणाला. जस्ताचें कॅलामाइन हें कार्बोनेट खनिजही याच रीतीनें ऑक्साइडांत पालटतें.

पण हा खटाटोप ऑक्साइडासाठींच कां? कारण ऑक्साइडांतील ऑक्सिजन हिरावून घेऊन कोळसा धातु मोकळा करतो. गंधकाशीं जखडलेल्या धातूपुढें त्याचें फारसें चालत नाहीं. आणि जस्ताचें मुख्य खनिज, झिंक ब्लेंड, नेमकें गंधकयुक्त. तें बंद भांड्यांत तापवून गंधक सुटत नाहीं. खेळत्या हवेंत भाजावेंच लागतें. राजस्थानांतील झावर येथें मध्ययुगांत मातीच्या मुशींतून जस्त काढीत, तेव्हांही ही भाजणी प्रथम होत असे.

गृहिणींना हें समजावयास वेळ लागणार नाहीं. थालिपिठाच्या भाजणीचें धान्य परतलें नाहीं तर खालचें करपतें, वरचें कच्चें राहतें. खनिजाला आंच कमी पडली तर सल्फेट उरतें. अति झाली तर कण चिकटून गोळे होतात व आंत हवा पोंचत नाहीं. जुन्या भट्ट्यांत तें लोखंडी दांड्यांनीं ढवळीत. अलीकडे बारीक पूड करून खालून हवेचा झोत सोडतात, आणि पूड उकळत्या पाण्यासारखी खदखदते. एकदां पेटली म्हणजे गंधकाच्या ज्वलनाचीच उष्णता पुरते.

खरा प्रश्न धुराड्याचा आहे. १०० भाग शुद्ध झिंक ब्लेंडमागें सुमारें ६६ भाग सल्फर डायॉक्साइड बाहेर पडतो. हा वायु घसा जाळतो, पिकें करपवितो. कॅनडांतील ट्रेल येथील भट्ट्यांचा धूर सीमेपलीकडे अमेरिकेंतील शेतांवर गेला, तेव्हां दोन राष्ट्रांना लवाद नेमावा लागला. त्याचा अंतिम निवाडा १९४१ सालीं झाला. बदलापूरजवळील खरवईसारख्या ठिकाणीं, जेथें रासायनिक कारखाने व वस्ती शेजारींशेजारीं आहेत, या गोष्टीचें महत्त्व निराळें सांगावयास नको. उपाय मात्र हातांत आहे : तो वायु कोंडून त्याचें गंधकाम्ल करतां येतें. त्या अम्लाची उपयुक्तता याच परिसरानें पाहिलेली आहे. १९१९ सालीं स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी केमिकल कंपनीच्या अंबरनाथच्या कारखान्यांत गंधकाम्ल व त्याच्या साहाय्यानें सुपरफॉस्फेट खत तयार होत असे. वायु वाया न दवडल्यास १०० भाग झिंक ब्लेंडमागें जवळजवळ १०० भाग गंधकाम्ल मिळूं शकतें; जस्त मात्र ६७ भागच.