साठी जवळ आली, आता पैसा कुठे ठेवायचा?

मैत्रिणींनो, तिशी-चाळिशीत गटात आलेल्या आपल्या कितीतरी जणी आता साठीकडे झुकल्यात. गटातली बचत, दोन शेळ्या, एखादी म्हैस, अंगावरचं सोनं, पतसंस्थेतली ठेव, कुणाची एसआयपी, हीच आपली गुंतवणूक. हातपाय चालतात तोवर ती वाढावी एवढंच आपण बघतो. पण मजुरी बंद झाल्यावर दर महिन्याला औषधाला आणि तेल-मिठाला पैसे कुठून येणार, हे पंचावन्नच्या आसपासच मांडून बघायला हवं.

आधी जनावरं. म्हैस म्हणजे वैरण, शेण, धार आणि रात्रीअपरात्रीचं आजारपण. गुडघे दुखायला लागल्यावर घाईने विकायला काढली तर व्यापारी भाव पाडून मागतो. बाजार चांगला असतानाच एकेक कमी करा. सोनं अडीनडीला गहाण ठेवता येतं, पण त्यातून महिन्याला काही हातात येत नाही.

एसआयपीचा पैसा शेअर बाजाराबरोबर वर-खाली होतो. तिशीत बाजार पडला तर सावरायला वर्षं असतात, अठ्ठावन्नाव्या वर्षी नसतात. म्हणून साठीच्या तीन-चार वर्षं आधीपासून दरवर्षी थोडं थोडं काढून ठेवीत टाका. येत्या तीन वर्षांत लागणारा पैसा बाजारात नकोच.

मग ठेवायचा कुठे? पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत एकटीच्या नावावर ९ लाखांपर्यंत ठेवता येतात, मुदत ५ वर्षं. व्याजाचा दर ७.४ टक्के धरला तर २ लाखांवर महिन्याला साधारण १,२३० रुपये येतात. दर बदलतो, ठेवायच्या दिवशी विचारून घ्या. पहिल्या वर्षात पैसे काढता येत नाहीत आणि मुदतीआधी काढले तर रक्कम कापली जाते. त्यामुळे आजारपणापुरते बचत खात्यात वेगळे ठेवा. साठ पूर्ण झाल्यावर ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे, तिचं व्याज दर तीन महिन्यांनी मिळतं.

पतसंस्था जास्त व्याज देते, खरंय. पण बँक बुडाली तर एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा लागू नाही. माझं विचाराल तर म्हातारपणाचा सगळा पैसा एकाच पतसंस्थेत ठेवणं म्हणजे सगळी बी एकाच वाफ्यात टाकणं.

ज्यांनी चाळिशीच्या आत अटल पेन्शन घेतलं, त्यांनी हप्ता खात्यातून नीट कापला जातोय ना ते पासबुकात बघा. साठीपासून महिन्याला १ ते ५ हजार, जसा हप्ता तसं पेन्शन. आपल्या मागे ते नवऱ्याला चालू राहतं. आपलं वय निघून गेलं असलं तरी अठरा ते चाळीसमधल्या लेकी-सुनांना ते घेता येतं, फक्त आयकर भरणारी असू नये.

आता अवघड भाग. गटातून एकरकमी पैसे हातात आले की मुलाला ट्रॅक्टरचा हप्ता आठवतो, जावयाला दुकान. द्यायचं तर द्या, आपलं लेकरू आहे. पण आधी स्वतःच्या नावावर ठेव करा, उरल्यातलं द्या. या वयात कुणाला जामीन राहू नका. कर्जदाराने हप्ते थकवले की बँक जामीनदाराच्या दारात येते.

पोस्टात जाताना आधार, पॅन आणि दोन फोटो न्या. वारसाचं नाव फॉर्मवर तिथेच लिहून घ्या, आणि पासबुक कुठे ठेवलंय ते घरातल्या एकाला तरी सांगून ठेवा.