वादळानंतर वीज उशिरा का येते?

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ हे चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर येऊन धडकले. वारा ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने वाहत होता. श्रीवर्धन, मुरुड, दापोली या भागांतील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि त्यांच्याबरोबर विजेचे खांबही. पुढे कित्येक गावांनी काही आठवडे अंधारात काढले. नळयोजनेचे पंप बंद, मोबाइलचे मनोरे मुके. “तार तुटली तर जोडायची, त्याला एवढे दिवस कशाला?” असे तेव्हा अनेक जण विचारीत. प्रश्न रागाचा असला तरी चांगला आहे, आणि त्याचे उत्तर तुमच्या पाठ्यपुस्तकातील भौतिकशास्त्रातच मिळते.

प्रथम खांब पडतात कसे ते पाहू. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ३६ किलोमीटर वेगाचा वारा दर चौरस मीटरला सुमारे ६० न्यूटन बल लावतो. वेग तिप्पट झाला की हेच बल नऊपट, म्हणजे ५४० न्यूटन होते. पण कोकणात खांबाचा खरा शत्रू म्हणजे शेजारचा माड! सरळ रांगेतल्या खांबाला दोन्ही बाजूंच्या तारा सारख्याच ताणाने ओढत असतात. माड पडून एका बाजूची तार तुटली की हा समतोल संपतो आणि दुसऱ्या बाजूचा ताण खांबाला खेचू लागतो. एक खांब कलला की तो पुढच्याला ओढतो. म्हणून एका झाडापायी खांबांची रांगच्या रांग झोपलेली दिसते. सिमेंटचा आठ मीटरचा खांब तीन-चारशे किलोग्रॅम भरतो आणि त्याचा सुमारे सहावा भाग जमिनीत गाडावा लागतो. गाडी न जाणाऱ्या वाडीत, जूनच्या चिखलात, तो माणसांनी दोर लावूनच न्यायचा.

आता कोणती तार आधी जोडायची? वीज गावात एकदम येत नाही. मोठ्या उपकेंद्रातून ती ३३,००० व्होल्ट दाबाने लहान उपकेंद्रात येते, तेथून ११,००० व्होल्ट दाबाने गावोगाव फिरते आणि ज्याला आपण ‘डीपी’ म्हणतो त्या रोहित्रातून २३० व्होल्ट होऊन घरात शिरते. खोड, फांद्या, डहाळ्या अशीच ही रचना. खोड तुटलेले असताना डहाळी जोडून उपयोग नाही. शिवाय समजा, वीस खांब उभारून एकीकडे दीड हजार घरांत वीज येते आणि दुसरीकडे आठ घरांत, तर आधी कोठे जावे? टोकाच्या वाडीचा नंबर शेवटी लागतो तो या हिशेबाने. त्या आठ घरांना हे पटणे कठीण, हेही खरे.

परंतु सर्वांत जास्त जपावे लागते ते निराळ्याच गोष्टीला. आम्ही शिक्षक फळ्यावर रोहित्र काढतो तेव्हा बाण नेहमी जास्त दाबाकडून कमी दाबाकडे दाखवतो. रोहित्राला मात्र तो बाण माहीत नसतो! कोणत्याही वेटोळ्याला प्रत्यावर्ती दाब द्या, दुसऱ्यात तो वेढ्यांच्या प्रमाणात निर्माण होणारच. गावच्या रोहित्रात एका फेजच्या दोन वेटोळ्यांतील वेढ्यांचे प्रमाण सुमारे ४४ असते. आता कोणी हौसेने जनित्र आणून ते थेट घरच्या वायरिंगला जोडले आणि मेन स्विच तसाच चालू ठेवला, तर? शेजारची घरे जोडलेली असतील तर त्यांच्या भाराखाली ते बहुधा बंद पडेल. पण ती तुटलेली असतील तर २३० गुणिले ४४, म्हणजे दहा हजार व्होल्टहून अधिक दाब वरच्या तारेवर चढतो. आणि उपकेंद्रातून बंद केलेली ती तार वायरमनच्या हातात असते.

म्हणून वायरमन कामापूर्वी तारेत दाब नाही हे तपासतो, मग कामाच्या दोन्ही बाजूंना तिन्ही तारा एकमेकींना जोडून जमिनीशी बांधतो. चुकून कोठून वीज आलीच तर तिला जमिनीकडे सोपी वाट मिळते, तारेवरचा दाब चढत नाही आणि फ्यूज उडतो. याला वेळ लागतो आणि तो लागू द्यावा. जनित्र वापरायचेच असेल तर चेंज-ओव्हर स्विच बसवून घ्यावा. त्याची पाती एका वेळी एकाच बाजूला टेकते. घर एक तर जनित्राला जोडलेले असते, नाही तर बाहेरच्या तारेला.

दुरुस्ती झाल्यावर जमिनीशी बांधलेल्या तारा आठवणीने सोडवतात आणि वाहिनी तुकड्यातुकड्याने चालू करतात. पहिल्या तुकड्यावर उपकेंद्रातला ब्रेकर टिकला की पुढचा स्विच. एखादी ओली फांदी कोठे टेकलेली असली तर ब्रेकर पडतो. मग तेवढाच तुकडा पुन्हा पायी तपासायचा. शेवटी डीपीचे फ्यूज बसतात. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहापट प्रवाह घेते आणि इतक्या दिवसांनी वीज आली की सगळेच एकदम पंप लावायला धावतात. तसे झाले तर नुकताच बसवलेला फ्यूज लगेच जातो. म्हणून वायरमन खांबावरून उतरता उतरता ओरडून सांगतो, “पंप मागाहून लावा हो, आधी दिवे लावा!”