भर दुपारी मासे जातात कुठे?

मे महिन्यात परभणीचा पारा ४२-४३ अंशांवर जातो. अशा दुपारी येलदरी धरणाच्या काठाला गळ टाकून बसलात, तर बहुधा रिकाम्या हाती परत याल. मग वहीत काय लिहायचं? 'मासे कमी आहेत'? पहिल्या उन्हाळ्यात मी नेमकं तेच लिहिलं आणि गाईडनी वही परत केली.

मासा थंड रक्ताचा. पाणी तापलं की त्याचं शरीर तापतं आणि प्राणवायूची गरज वाढते. गरम पाण्यात मात्र प्राणवायू कमी विरघळतो: २० अंशांना लिटरमागे साधारण ९.१ मिलिग्रॅम, ३० अंशांना ७.६. म्हणून मासे खाली सरकतात. पण अगदी तळाशीही जाता येत नाही. उन्हाळ्यात खोल पाण्याचे थर पडतात, वरचं पाणी खाली मिसळत नाही आणि तळाचा प्राणवायू कुजणाऱ्या गाळात संपत जातो. राहतो तो मधला पट्टा. दुपारचा गळ तिथे सोडायचा, नाहीतर सावलीत. मरळ मासा हवेतूनही श्वास घेतो, त्यामुळे तो उथळ पाण्यातल्या गवतातही टिकतो.

आता सूत्र बघा: मिळालेले मासे = असलेले मासे × सापडण्याची शक्यता. दुपारी ही शक्यताच बदलते. म्हणून रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या खोलींवर जाळं टाका आणि प्रत्येक वेळी तापमान व प्राणवायू नोंदवा. अशाच नोंदींवरून धरणात मत्स्यबीज किती सोडायचं, हे ठरू शकतं.