गुटके नाहीत, सायकलच बदला!

३ जून हा जागतिक सायकल दिन. २०२० साली नेमक्या त्याच दिवशी ॲटलस या सायकल कंपनीने साहिबाबादचा कारखाना बंद केला. त्याची हळहळ दरवर्षी होते. यंदा मात्र नांदेडच्या एका दुकानदाराचं बोलणं जास्त लागलं. ‘दांडीब्रेकचे गुटके आता ठेवत नाही, सायकलच बदला की!’ गुटका म्हणजे ब्रेक दाबल्यावर रिमला घासणारं रबर.

या गुटक्यांच्या गोष्टीत साठ-सत्तरच्या दशकांबद्दल सांगण्यासारखं फार काही नाही. काळी सायकल, २८ इंची चाकं. बहुतेकांची एकसारखी, म्हणून गुटकाही एकच.

रेंगाळायचं आहे ते नव्वदच्या दशकात. दहावी-बारावीच्या अभ्यासाच्या लातूर पॅटर्नचा बोलबाला झाला आणि मराठवाड्यातली पोरं खोल्या करून लातुरात राहू लागली, मीही त्यातलाच. तिथल्या गंजगोलाई या चौकाला सोळा रस्ते येऊन मिळतात. पहाटेच्या शिकवणीला त्या रस्त्यांवरून सायकली सुटायच्या आणि एकमेकींवर न आदळता थांबायच्या. याचं श्रेय मेरिटवाल्यांचं नव्हे, सायकलच्या मिस्त्र्यांचं.

त्याच सुमारास जाड टायरच्या, वायरब्रेकच्या २६ इंची सायकली दिसू लागल्या आणि घोळ सुरू झाला. दांडीब्रेकचा गुटका आऱ्यांच्या बाजूने वर ओढला जाऊन रिमच्या आतल्या अंगाला घासतो. वायरब्रेकचे गुटके दोन्ही कडांना चिमटा घेतात. एकाचा दुसऱ्याला चालत नाही. तरी ‘रबर ते रबर’ म्हणत हाताला येईल ते ठोकून देणारे तेव्हाही होते. रिमला तेल पाजून ‘आता आवाज येणार नाही’ म्हणणारेही होते. आवाज जायचाच, सोबत ब्रेकही जायचा.

खरा मिस्त्री आधी रिमवर नख फिरवायचा. लोखंडी, क्रोमची रिम असली तर बजावायचा, पावसात हिचा ब्रेक पार ढिला पडतो, गुटका कितीही भारी घे. थांबायच्या बरंच आधी हलका ब्रेक धरून पाणी पुसून घे. ॲल्युमिनियमची रिम ओली असतानाही बरी धरते, पण तिचे बारीक कण रबरात रुततात. ते सुईने टोकरून काढायचे, नाहीतर तेच रिम खरवडतात. आपल्याकडच्या उन्हात गुटका सुक्या खोबऱ्यासारखा कडक होतो; वरचा चकचकीत थर पॉलिश पेपरने घासला की काही दिवस निभतं. गुटका वर सरकला तर टायर कापतो, खाली गेला तर आऱ्यांत शिरतो. पुढची कड केसभर आधी टेकवली की किंचाळत नाही. पत्र्याच्या खोबणीत सरकवायचा गुटका असेल तर पुढच्या चाकाला खोबणीची बंद बाजू पुढेच हवी, नाहीतर जोरात दाबल्यावर रबर निसटून रस्त्यावर. माझ्या खोलीतल्या मित्राचे पुढचे दोन दात अशाच उलट्या खोबणीपायी गेले. बसवून देणाऱ्याने मजुरी मात्र परत केली नाही.

पुढची वर्षं पटकन सांगतो. २००८च्या गुरु-ता-गद्दी सोहळ्यासाठी नांदेडचे रस्ते रुंद झाले आणि मोटारसायकलींनी भरले. सरकारी योजनेतून खेड्यातल्या मुलींना सायकली मिळू लागल्या, उत्तमच झालं. पण त्यांचे गुटके झिजल्यावर बघायला गावात मिस्त्री उरला नाही. आता दहा वर्षांच्या पोरालाही डिस्कब्रेक हवा. घाट उतरणाऱ्याला, चिखलातून जाणाऱ्याला तो जरूर असावा. नांदेडातल्या वजिराबादच्या सपाट रस्त्यावर दप्तर घेऊन जाणाऱ्याला नीट बसवलेलं रबर पुरतं. शिवाय स्वस्तातली डिस्क बिघडली की तिला हात लावणारा जिल्ह्याच्या ठिकाणीही शोधावा लागतो.

तेव्हा मृगाचा पाऊस पडण्याआधी एवढं कराच. जुना गुटका खिशात घालून दुकानात जा, रिम लोखंडी की ॲल्युमिनियमची ते सांगा. गुटक्यावरच्या खाचा बुजल्या असतील तर दोन्ही बाजूंचे नवे घ्या. आणि ॲल्युमिनियमच्या रिमची कड बोटाला खोलगट लागली तर गुटक्यांवर पैसे घालू नका, रिम बदला.