संगणक साक्षरता म्हणजे काय?

संगणक साक्षरता म्हणजे बटणांचा क्रम पाठ असणे नव्हे. यंत्र काय करते आहे हे ओळखून त्याच्याकडून आपले काम करून घेता येणे होय. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या ‘एमएस-सीआयटी’ अभ्यासक्रमाने संगणक शिक्षण राज्यात गावोगावी नेले. प्रमाणपत्र एकदाच मिळते, सॉफ्टवेअर मात्र बदलत राहते. म्हणून मेनू कुठे आहे यापेक्षा मूळ कल्पना कळणे महत्त्वाचे.

पहिली कल्पना साठवणीची. टाइप केलेला मजकूर आधी रॅममध्ये असतो आणि वीज गेली की रॅम रिकामी होते. ‘सेव्ह’ केल्यावरच तो डिस्कवर उतरतो. डिस्कही बिघडते, म्हणून महत्त्वाच्या फाइलची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी हवी.

दुसरी कल्पना पत्त्याची. सरकारी संकेतस्थळाचे नाव बहुधा ‘जीओव्ही डॉट इन’ने संपते. हीच अक्षरे नावाच्या मधोमध घुसवून शेवट भलताच ठेवलेला असेल, तर ते स्थळ सरकारी नव्हे.

तिसरी कल्पना व्यवहाराची. यूपीआय पिन पैसे देताना लागतो, घेताना नाही. ‘पैसे जमा होण्यासाठी पिन टाका’ असे सांगणारा खात्यातून पैसे काढू पाहत असतो. फसगत झालीच, तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी. जितका उशीर, तितकी रक्कम अडवणे अवघड.